गुलब्याचा बल्ब

बॅटरीच्या दुकानात किस्से जमतात ते बॅटरीच्या टोकांवर पांढरा बुरा जमतो तसे. आज खरडून काढा, आठ दिवसांनी पुन्हा हजर! मी आर्णीला हनीफभाईंच्या दुकानात वायरिंगचं काम करत उभा जन्म काढला. आता गुडघे बोलतात, शिडी चढवत नाही. लोक मात्र चहा पाजतात आणि म्हणतात, "गजाननभौ, तो बैलाच्या लाईटीचा किस्सा सांगा ना!" एक किस्सा असता तर सांगून मोकळा झालो असतो. हा तर भाराच आहे.

दुकान म्हणजे समोर एक शटर आणि मागं टिनाची खोली. तालुक्यातल्या मेलेल्या बॅटऱ्या त्या खोलीत येऊन पडायच्या, आणि त्या खोलीत लाईट नव्हती! घरमालक मीटरवरून मागं वायर ओढू देत नव्हता. बॅटरीवर एक बल्ब सहज लावता आला असता, पण हलवायाला पेढा खावासा वाटत नाही तसं आमचं. अख्ख्या तालुक्याला उजेड विकणारे हनीफभाई स्वतःच्या खोलीत चाचपडत शिरायचे. शिरताना मला सांगायचे, "गजाननभौ, मी आत चाललो. आवाज आला तं समजजा पडलो, नाही आला तं समजजा बेहोश हाय!"

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव नव्हता म्हणून लोकांनी कापूस विकला नव्हता, आणि विकला नव्हता म्हणून तो घरात, ओसरीवर, गोठ्यात, जागा मिळेल तिथं कोंबलेला होता. ट्रॅक्टरवाले बॅटरी बदलायचं नाव काढत नव्हते. गिऱ्हाईक यायचं ते टेकायला. पंख्याखाली बसायचं, भावाचं विचारायचं, सुस्कारा टाकून उठायचं. आम्हीही त्यांच्यासोबत सुस्कारे टाकून संध्याकाळपर्यंत दमून जायचो.

असल्याच एका दुपारी सूर्यभान आबा दुकानात आले.

*

सूर्यभान आबा आतल्या कच्च्या रस्त्यावरच्या एका गावचे. अंगात बंडी, डोक्याला दुपट्टा, आणि आवाज इतका हळू की पंखा बंद करून ऐकावं लागे.

"लाईट पाह्यजे होती जी. गोठ्यात लावाले."

हनीफभाईंनी सवयीनं विचारलं, "टॅक्टर कोणता हाय?"

"टॅक्टर नाही. बैल हाय."

"अहो, लाईट कायच्यावर लावू? बॅटरी कायची हाय?"

"बॅटरी तुमची. बैल माहा."

मग हळूहळू सगळं कळलं. आबांची बैलजोडी होती, टिकल्या आणि गुलब्या. पावसाळ्यात गोठ्यात अंधारात टिकल्याला साप चावला. सकाळी दार उघडलं तर टिकल्या आडवा, आणि गुलब्या दावं ताणून भिंतीला टेकलेला, घामानं ओला. त्या दिवसापासून गुलब्या अंधाऱ्या गोठ्यात पाय टाकत नव्हता. वावरातून यायचा, दारापर्यंत चालायचा, आणि उंबऱ्याशी थांबायचा. ओढा, ढकला, चुचकारा, काही उपयोग नाही.

"कंदील टांगा ना," मी म्हणालो.

"अर्ध्या गोठ्यात कापूस हाय, बापा. कंदील कसा टांगू?"

खरं होतं. कापसाच्या खोलीत ठिणगी पडली की गाव गोळा होईपर्यंत राख. पण मला त्या दिवशी उन्हाचा कंटाळा आला होता, त्या खडबडीत रस्त्याचा कंटाळा आला होता. मी म्हणालो, "आबा, बैल बाहेर बांधा. एका बैलासाठी कायले एवढा खटाटोप?"

आबा माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "माणूस अंधारात बी जाते. त्याले सवय हाय. बैलाले कायले शिक्षा?"

हनीफभाईंनी पंखा पुन्हा लावला आणि मला म्हणाले, "शिडी काढ."

*

गोठा गावाच्या बाहेर, नाल्यापलीकडे. आबांचं घर अलीकडे. घरी मीटर होतं, पण नाल्यावरून वायर न्यायला परवानगी नव्हती. त्यासाठी मधे खांब पाहिजे. आबांनी अर्ज केला होता आणि खांब आलाही होता!

सिमेंटचा, चांगला लांबलचक. गोठ्यासमोर आणून आडवा टाकला होता. उभा करणारी माणसं वेगळी असतात आणि ती नंतर येतात, असं आणणाऱ्यांनी सांगितलं होतं. त्यावर आबांच्या मंडळी, गिरजा माय, गोधड्या वाळत घालायच्या. गुलब्या खांदा घासायचा. संध्याकाळी म्हातारे रांगेनं बसायचे.

मी गोठ्यात शिरायला लागलो तर आबांनी हात आडवा धरला. "काडीपेटी?"

खिशात होती. "इथं खांबावर ठेवा. बिडी बी ठेवा." देवळाबाहेर चपला काढाव्यात तशा तिथं काडीपेट्या काढाव्या लागत. कापूस होता ना आत!

मी खांबाकडे बघून म्हणालो, "आबा, हा उभा राह्यला असता तं मले यायचं काम नव्हतं."

मागून गिरजा माय म्हणाल्या, "असू द्या जी. उभा राह्यला असता तं आमी बसलो कुठं असतो?"

बॅटरी बाहेर लाकडी पेटीत ठेवली, म्हणजे ठिणगीबिणगी उडालीच तर बाहेर. नुसती वायर आत नेली आणि बारा व्होल्टचा बल्ब गव्हाणीवर टांगला. या सगळ्यात कापसाच्या ढिगावर चढावं लागलं. साठवलेल्या कापसात बारीक किडे पडतात, ज्याला खाज सुटते तोच जाणे. ढिगावरून उतरेपर्यंत मी दोन्ही हातांनी खाजवत होतो.

दिवस कलला, गोठ्यात काळोख भरला. मी बटन दाबलं. बल्ब लागला तसे आबांनी आणि गिरजा मायनं डोळे मिटून हात जोडले. दिवेलागणीला जोडतात तसेच. नेमका मी बल्बखाली उभा. इतक्या वर्षांच्या धंद्यात कुणी पहिल्यांदा नमस्कार केला म्हणून मीही खाजवणं थांबवून उलट हात जोडले!

आणि गुलब्या? उंबऱ्याशी उभा होता. एकदा बल्बकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सरळ आत चालत जाऊन गव्हाणीत तोंड घातलं.

आबा म्हणाले, "जमलं." एवढंच.

*

बॅटरीला पाणी पाजायचं असतं हे हनीफभाईंनी आबांना नीट समजावलं होतं. पण "बॅटरीचं पाणी" असं वेगळं पाणी असतं हे सांगायचं राहिलं. आबांनी बोअरचं पाजलं. रोज, दोन वेळ, बैलाच्या वेळेला.

बॅटरी गेली. हनीफभाईंनी कपाळ बडवलं. "आबा, बॅटरी हाय ती, म्हैस नाही!"

"पाणी पाजा म्हणे तुमी. तान्हेली कशी ठेवू?"

दुसरी बॅटरी देताना हनीफभाईंनी दहा वेळा बजावलं. आबांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला की हे जित्राब जरा नाजूक आहे.

मग आला पोळा. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." मी त्या संध्याकाळी एक सैल वायर बघायला गेलो होतो. गुलब्याचे खांदे शेकून झाले. टिकल्याच्या रिकाम्या खुंट्यालाही बोटभर तूप लागलं. मग आबा वाटी घेऊन बाहेर आले, पेटीचं झाकण काढलं, आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना हळद-तूप चोळलं! वाकून हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

"आबा, हे काय करून राह्यले?"

"वर्षभर वाह्यलं ना तिनं बी."

मी दुकानात येऊन हनीफभाईंना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी हातातलं काम ठेवलं. मग म्हणाले, "गजाननभौ, आपण तिथं व्हॅसलीन लावतो ना?"

"हो. बुरा धरू नये म्हणून."

"मंग तूप काय बुरं हाय?"

त्या वर्षी आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्यांवर बुरा आला. आबांच्या बॅटरीवर मुंग्या आल्या, पण बुरा नाही आला.

*

मग कुठल्याशा योजनेत गोठ्यांसाठी कंदील आले. उन्हावर चालणारे. ते वाटायला एक साहेब जीप घेऊन आले. गोठ्यात लाईट लावणारा माणूस म्हणून मला सोबत घेतलं. साहेब माणूस वाईट नव्हता. नुसता थकलेला होता, सगळा जिल्हा त्याच्या चेहऱ्यावरून गेल्यासारखा.

आबांच्या गोठ्यात कंदील टांगला. भर दुपारचे बारा. साहेब म्हणाले, "आता फोटो. कंदील लागलेला दिसला पाहिजे."

टिनाच्या फटींतून ऊन धो धो आत येत होतं. कंदील लावला की विझवला, कळतच नव्हतं. साहेब म्हणाले, "अंधार करा!"

अंधार करा म्हणजे करा! दार लावलं, फटींत पोती कोंबली, वरून ताडपत्री ओढली. आत साहेब, मी, आबा, फोटोवाला आणि छतापर्यंत कापूस. गुलब्यालाही फोटोत घ्यायचं होतं, पण अंधार बघून तो उंबऱ्यावरच थांबला. साहेबांनी विचारलं, "याला काय झालं?" आबा म्हणाले, "त्याले अंधार चालत नाही साहेब. त्याच्याचसाठी तं लाईट लावली!"

"मग त्याच्याशिवाय काढा."

तोपर्यंत कापसानं आपलं काम केलं. साहेब आधी मान खाजवू लागले, मग पोट, मग शर्टच बाहेर आला. "काढ, काढ लवकर!" फोटोवाल्यानं एका हातानं खाजवत काढला.

फोटो मी नंतर पाहिला. कंदील झकास लागलेला आहे. त्याखाली आम्ही सगळे, प्रत्येकाचा एक हात कंदिलाकडे आणि एक हात पाठीमागं गेलेला. एखादा नाच बसवल्यासारखा!

आणि कंदील? फोटो झाल्यावर साहेबांनी तो काढून जीपमध्ये ठेवला. पुढच्या गावचा फोटो व्हायचा होता ना.

आबा जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "गजाननभौ, आपला बल्ब काढून ठेवला होता, तो लावता का? सांज होईन."

*

शेवटी हनीफभाईंनीच आबांना सोलरची छोटी प्लेट बसवून दिली. टिनावर प्लेट, खाली बॅटरी. दुकानात आणून चार्ज करायची कटकट मिटली. महिना-दोन महिने छान चाललं, आणि ऐन उन्हाळ्यात तक्रार आली. बल्ब मिणमिणतो! गुलब्या दारात विचार करतो!

एवढं रखरखीत ऊन, आणि बॅटरी भरत नाही? हनीफभाई स्वतः आले. बॅटरी तपासली, ठीक. वायर तपासली, ठीक. मला म्हणाले, "वर चढ."

वर चढलो. प्लेटवर एक स्वच्छ पांढरं धोतर अंथरलेलं आणि त्यावर ओळीनं वाळत घातलेल्या कुरोड्या!

मी वरूनच ओरडलो. गिरजा माय पदर खोचून गोठ्यातून बाहेर आल्या. "हात नका लावू जी, ओल्या हायेत!"

हनीफभाई कळवळून म्हणाले, "भाभी, ती प्लेट लाईटीची हाय! तिले ऊन लागते!"

"मंग कुरोड्याईले का चांदणं लागते?"

हनीफभाईंनी चौफेर नजर फिरवली. खाली कोंबड्या, अंगणात बकऱ्या, टिन नागमोडी. सपाट, उंच आणि तापणारी अख्ख्या गावात एकच जागा, ती आम्ही बैलाला देऊन बसलो होतो. माणसाच्या ताटात भाताबरोबर तळलेलं काही नको का? शेवटी ठरलं, दुपारपर्यंत प्लेट गुलब्याची, नंतर गिरजा मायची.

निघताना त्यांनी हनीफभाईंना पिशवीभर कुरोड्या दिल्या. त्या रमजानात हनीफभाईंच्या घरी तळल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "बेगम बोलली, कुरोडी एवढी फुलली कशी? म्या सांगतलं, करंटची हाय!"

*

लोडशेडिंगचे दिवस तर विचारूच नका. ज्याच्या घरी मीटर, त्याच्या घरी काळोख. आणि ज्या गोठ्याला खांब मिळाला नाही, तिथं लख्ख उजेड! सगळं गाव संध्याकाळी नाला ओलांडून गुलब्याकडे यायला लागलं. बायकांचं भजन तिथंच. तुरीची डाळ निवडणं तिथंच. गुलब्या मधे उभा राहून रवंथ करायचा, टाळ वाजले की कान हलवायचा.

मग मोबाईल आले. घरी लाईट नाही, म्हणून लोक चार्जिंगला गोठ्यात. मी आबांच्या सांगण्यावरून एक वायर काढून दिली होती, त्यावर हा जमाव! ठेवायला जागा नाही म्हणून मोबाईल गव्हाणीच्या कडेला ओळीनं ठेवायचे.

शेजारच्या वावरातले दादाराव. त्यांचाही एकच बैल होता, म्हणून त्याची आणि गुलब्याची जोड लावून दोन्ही वावरं चालत. एका बैलाची शेती म्हणजे एका पायात चप्पल. तर या दादारावांचा नवा मोबाईल गव्हाणीत घसरला, चाऱ्याच्या कुटाराखाली गेला. आणि तेवढ्यात त्यांच्या लेकीच्या सासऱ्यांचा फोन आला.

फोन वाजतोय, दिसत नाही. गुलब्यानं कुटारासकट तोंडात घेतला. जिभेनं कुठलं बटन दाबलं देव जाणे, वाजायचं थांबलं. गुलब्याच्या तोंडातून व्याह्यांचा बारीक आवाज येऊ लागला. "हॅलो? दादारावजी? हॅलो?"

गुलब्या चावतोय. कचर, कचर, कचर.

थोड्या वेळानं व्याही मोठ्या अदबीनं म्हणाले, "जेवून राह्यले का जी? जेवा जेवा, सावकाश जेवा. मंग करतो."

*

इथवर सांगितलं की लोक हसून उठायला लागतात. पण हे खरं तर पुढं चांगलं नाही.

कापूस पुन्हा एका वर्षी पडून राहिला. दादाराव कंटाळले. वावर ठोक्यानं, म्हणजे खंडानं दिलं, बैल विकला आणि लेकाकडे निघून गेले. गुलब्याची जोड गेली. दुसरा बैल घ्यायची आबांची ऐपत नव्हती, आणि एकटा बैल बांधून खाऊ घालण्याइतकं कुटार नव्हतं. नांगरणी-डवरणी ट्रॅक्टरवाल्याकडून करून घ्यायचं ठरलं. गुलब्याला पुसदच्या बाजारात न्यायचं होतं. आबांच्यानं जाववेना. भाच्याच्या हाती पाठवला.

बैल विकताना खोड सांगायची रीत आहे. लाथ मारतो, पाण्यात बसतो, मान टाकतो, जे असेल ते. सांगितली नाही तर तो विश्वासघात. आबांनी भाच्याला बजावून सांगितलं, अंधाराचं बोलू नको. बोलला असता तर बैल दिवसभर बाजारात उभाच राहिला असता. बल्ब लागणारा बैल कोण घेतं?

गुलब्या गेला. दोन दिवसांनी आबा बसमधून उतरले, मांडीवर बॅटरी, काखेत प्लेट, पिशवीत बल्ब आणि वायरचं वेटोळं. सगळं काउंटरवर ठेवलं.

"ठेवून घ्या. आता कोणासाठी?"

हनीफभाईंनी ते विकायला काढलं नाही. मला म्हणाले, "मागच्या खोलीत लाव." मी प्लेट टिनावर चढवली, बल्ब टांगला. इतक्या वर्षांनी आमच्या त्या खोलीत उजेड पडला. मेलेल्या बॅटऱ्यांचा ढीग पहिल्यांदा धड दिसला, आणि खरं सांगतो, बघवला नाही. विझवून टाकावासा वाटला.

त्यानंतर आबा दर बाजाराला दुकानात येऊन बसायचे. स्टुलावर, भिंतीला टेकून. चहा घ्यायचे, काही बोलायचे नाहीत. एकदाच बोलले.

"हनीफभाई, म्या खोड नाही सांगतली."

हनीफभाई म्हणाले, "ती काय खोड हाय, आबा? भेव हाय."

"घेणाऱ्याले कुठं मालूम? सांज झाली का तो दारात थांबत असन." मग कप खाली ठेवून, "मारत असतीन का जी त्याले?"

मी एक बॅटरी उगीचच पुन्हा पुसायला घेतली. मला त्या दिवसांत फार वाईट वाटायचं. कामानं माणूस दमत नाही एवढा असल्या गप्प बसण्यानं दमतो.

*

आणि हा शेवटचा. यावर मी काही बोलणार नाही, तुम्हीही विचारू नका.

बाजाराचाच दिवस. भर दुपार. आबा स्टुलावर. एक धिप्पाड माणूस दुकानात शिरला, घामाघूम, खांद्यावर दुपट्टा. फुलसावंगीचा होता.

"बैलाच्या लाईटीचं दुकान हेच का जी? पुसदच्या दलालानं पाठवलं. त्याच्यासंग भांडाले गेलतो म्या, तं तो म्हणे आर्णीले जा, तिथं बैलाच्या गोठ्यात लाईट लावून देते."

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे. आबा भिंतीला टेकलेले सरळ झाले.

"काय झालं?" हनीफभाईंनी विचारलं.

"बैल घेतला बाजारातून. कामाले वाघ हाय. पण सांजी गोठ्यात जात नाही. दारातच थांबते, खांबासारखा."

"मारलं का त्याले?" हे आबांनी विचारलं. इतक्या हळू, की त्या माणसाला दोनदा ऐकावं लागलं.

"मारलं जी. खोटं कायले बोलू? पयल्या दिवशी चार-दोन हाणल्या. तं माही बायको धावत आली. म्हणे, तुमी मारून राह्यले अन् त्याच्या अंगाले कापरं भरून राह्यलं, दिसत नाही का? तिनं घरातून टॉर्च आणला, गोठ्यात धरला. गेला ना सरळ आत! आता रोज सांजच्याले ते टॉर्च धरून उभी राह्यते. म्हणे, आधी लाईट आणा, मंग जेवा."

हनीफभाई मागच्या खोलीत गेले. आतला उजेड विझला. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग ते बॅटरी, बल्ब आणि वायर घेऊन बाहेर आले. प्लेट मी टिनावरून उतरवली.

त्या माणसानं बॅटरी निरखून पाहिली. "जुनी दिसते जी."

"जुनी नाही भाऊ," हनीफभाई म्हणाले. "सवयीची हाय."

त्यांनी तारा जोडून दाखवल्या. भर दुपारी काउंटरवर तो बल्ब लागला. आबांचे हात आपोआप जोडले गेले. त्या माणसानंही दुपट्टा सावरून हात जोडले.

"गोठ्यात कापूस हाय का?" आबांनी विचारलं.

"हाय ना. कुठं जाईन तो?"

"मंग काडीपेटी बाहेर ठेवत जा. अन् बल्ब दारात नका लावू. दारात लावला तं त्याची सावली त्याच्याच पुढं पडते, बिचकते. गव्हाणीवर लावा. लावला का लगेच ढकलू नका. तो एकडाव बल्बाकडे पाह्यते, एकडाव तुमच्याकडे पाह्यते. पाहू द्या त्याले. मंग जाते."

तो माणूस तोंड उघडं टाकून ऐकत होता. "आबा, तुमाले एवढं कसं मालूम जी?"

आबा उठले. चपला पायात सरकवल्या, दुपट्टा डोक्याला गुंडाळला. बाहेर टळटळीत ऊन होतं.

"मले बी नाही जाववत अंधारात," ते म्हणाले, आणि बसस्टँडकडे चालायला लागले.